चौदा पाऊणे साडेदहा

माझ्या बायकोचे मामा आयुष्यात एकदाही खोटं बोललेले नाहीत. ते फक्त गावाचा इतिहास सांगतात. गाव अलिबागहून मुरुडला जाताना लागतं. म्हणजे खरं तर लागत नाही, कारण फाट्यावरून आत वळावं लागतं आणि वळावं असं कुणाला फारसं वाटत नसे. नारळी-पोफळीच्या वाड्या, एक देऊळ, एक मशीद, खाऱ्या वाऱ्याने गज गंजलेली शाळा, बोटी लागतात तो दगडी धक्का आणि एक एसटी स्टँड. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कुणी फार तर भूगोल सांगितला असता. मामांनी इतिहास उभा केला, आणि तो इतका ऐसपैस की गाव त्याला तोकडं पडतं.

मामा त्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. दिवसाच्या गाड्या दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील इतक्या, पण प्रत्येक गाडीची घोषणा मामा भोंग्यावरून अशी करायचे, की जणू ती पहिल्यांदाच आणि शेवटचीच सुटते आहे. ‘अलिबागकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे’ इथवर सगळं नियमाप्रमाणे. त्यापुढचं मामांचं स्वतःचं. हा फलाट आहे तिथे पूर्वी गलबतं बांधणारे सुतार बसत, समोरच्या वडाला हत्ती बांधला होता, हत्ती कुणाचा ते उद्याच्या गाडीला सांगण्यात येईल, वगैरे. तेवढ्यात ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा होई. एक बाई तर ऐकता ऐकता गाडीत चढायचंच विसरली, आणि गाडी गेल्यावर खिडकीपाशी येऊन म्हणाली, “मग हत्तीचं पुढं काय झालं?” मामा सांगतात, तीस वर्षांच्या नोकरीत एवढा मोठा सन्मान दुसरा झाला नाही.

वाहतूक नियंत्रक असून मामांच्या मनगटावर घड्याळ कधी नव्हतं. त्यांचं घड्याळ समुद्रात. दाढी ओहोटीला करायची, म्हणजे खुंट सावकाश वाढतात. भांडण ओहोटीला सुरू करायचं, म्हणजे ते आपोआप ओसरतं. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं भरतीला, कारण भरतीला भूक वाढते. यावर मामी म्हणते, पाहुण्यांची वाढते, चुलीची नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी या घरी आलो तेव्हा मामांनी मला विचारलं होतं, “जावईबापू, आपला जन्म भरतीचा की ओहोटीचा?” मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे पाणी नळाला येतं आणि नळाचं जातं, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. मी नम्रपणे म्हणालो, “सकाळी सातचा.” मामांनी बायकोकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही. त्याच दुपारी, आपणही कामसू आहोत हे दाखवायला, मी विहिरीवर स्वतःचा शर्ट धुवायला बसलो आणि मामीच्या कपडे धुवायच्या धोंडीवरून घसरून केळीच्या आळ्यात पडलो. ती धोंड काळी, पाटासारखी सपाट, एक कोपरा तुटलेली. साबणाने इतकी गुळगुळीत झालेली की तिच्यावर माशीसुद्धा जपून बसायची. तिचा आणि माझा परिचय असा जुना आणि घनिष्ठ आहे. तो पुढे उपयोगी पडणार होता.

आता इतिहास. मामा तो सांगतात तसा सांगायचा तर तीन भरत्या लागतील, म्हणून थोडक्यात सांगतो. फार पूर्वी शत्रूचं एक जहाज गावावर चालून आलं. गावात तोफ एकच. ती किनाऱ्यावर ठेवावी तर वाळूत रुतते, म्हणून शहाण्या लोकांनी ती एका गलबतावर चढवली आणि गलबत धक्क्यापाशी नांगरलं. तोंड समुद्राकडे, नेम पक्का, बत्ती तयार. एवढ्यात गोलंदाज म्हणाला, जहाज यायला अवकाश आहे, मी जेवून येतो. तो जेवून आला तोवर भरती संपून ओहोटी लागली. नांगरलेलं गलबत ओहोटीला फिरतं, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं; पण गोलंदाज परगावचा. त्याने मागेपुढे न पाहता बत्ती दिली. गोळा गावावरून गेला, मामांच्या खापरपणज्यांच्या वाडीतल्या माडाचे दोन नारळ पाडले आणि आळ्यात शांतपणे बसला. तोफेच्या दणक्याने गलबत फुटलं, तोफ पाण्यात गेली ती तिथेच राहिली. इकडे शत्रूने दुर्बिणीतून हे पाहिलं आणि विचार केला, की ज्या अर्थी समुद्रातून गावावर तोफ डागली जात आहे त्या अर्थी हे गाव आपल्याआधीच दुसऱ्या कुणी जिंकायला घेतलेलं दिसतं. तो निघून गेला. मामा इथे थांबतात, छत्रीचं टोक जमिनीवर टेकतात आणि म्हणतात, “आमच्या गावाने कधी कुणावर हल्ला केला नाही. एकदाच केला, तो स्वतःवर. म्हणून गाव वाचलं.”

हा शत्रू कोण, ते मामा समोर कोण बसलंय ते पाहून ठरवत. जंजिऱ्याच्या बाजूचे पाहुणे असले की शत्रू पोर्तुगीज. रेवदंड्याचे असले की इंग्रज. एकदा खरोखरच एक इंग्रज जोडपं आलं, तेव्हा मामांनी क्षणभर क्षितिजाकडे पाहिलं आणि शत्रू डच केला. मी एकदा हळूच म्हटलं, मामा, हे जरा फिरतं होतंय. तर म्हणाले, “घरी आलेल्या माणसाच्या पूर्वजांना त्याच्या तोंडावर पळवून लावायचं? आम्ही कोकणातली माणसं आहोत, जावईबापू.” उलट पाहुण्यांच्या गावचं कुणी ना कुणी त्या लढाईत आपल्या बाजूला असायचंच. सोलापूरकरांना सांगायचे की गलबताचं शीड सोलापूरचं. पुण्याच्या लोकांना सांगायचे की सल्ला पुण्याहून आला होता. तो कुणी मागितला नव्हता. पुणेकर खूश होत, कारण त्यांना हे पटे.

आणि पुरावे होते. गोळा घरातच होता. मामी तो लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर ठेवायची. तोफ धक्क्याच्या पायऱ्यांपासून वीस पावलांवर वाळूत पडलेली असे. भरतीला छातीभर पाण्याखाली, मोठ्या ओहोटीला पूर्ण उघडी. मीही पाहिली होती ती, शिंपल्यांनी खवल्यासारखी मढलेली, तोंडात एक खेकडा. मामा आल्यागेल्याला तिच्यापर्यंत नेत आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहत, जसं एखाद्याने नातवाच्या डोक्यावर ठेवावा.

मामांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: फाट्यावर पाटी. मुरुडकडे जाणाऱ्या गाड्यांतले लोक तीस वर्षं स्टँडच्या खिडकीशी येऊन विचारत, “मुरुड किती लांब?” या गावाचं नाव एकानेही विचारलं नाही. एकदा मात्र एकाने विचारलं, मामा उल्हासित होऊन उठले, तर त्याला नाव हवं होतं ते घरी कळवायला, की कुठल्या तरी भलत्याच ठिकाणी उतरलोय. तेव्हापासून मामा सरकारला अर्ज करत आले. पर्यटकांसाठी फाट्यावर पाटी लावावी, तीवर गावाचं नाव, तोफेचा उल्लेख आणि बाण असावा. अर्जासोबत इतिहास जोडलेला, पाठपोट. उत्तर दरवेळी एका ओळीचं: स्थळपाहणीनंतर निर्णय घेण्यात येईल.

मग ते मोठं वादळ आलं. वाडीतले निम्मे माड आडवे झाले, घराची कौलं शेजारच्या वाडीत आणि शेजारच्यांची आमच्याकडे. मामी सांगते, दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर मामा पडलेले माड ओलांडत, एकाकडेही न बघता, आधी धक्क्यावर गेले. आले ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आम्ही पुण्याहून फोन करून समजूत घालत होतो की माड पुन्हा लावता येतील. मामा नुसतं “हं” म्हणत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मला मामांचा फोन आला. स्थळपाहणी करणारा साहेब येणार होता. वैकुंठ चतुर्दशीला, अलिबागच्या विश्रामगृहातून त्याला घेऊन यायचं काम मामांनी माझ्यावर सोपवलं. गावात गाड्या आहेत, माणसं आहेत, मग मीच का, असं विचारलं तर म्हणाले, “साहेबाशी बोलायला इस्त्रीचा शर्ट लागतो. तो तुमच्याकडेच आहे.” मला गहिवरून आलं. शर्ट धुताना पडलेल्या माणसाच्या शर्टावर एवढा विश्वास! मामा पुढे म्हणाले, “वेळ नीट ऐका. तिथीची पाऊणपट करायची. निघेल त्या वेळेला साहेब धक्क्यावर पाहिजे. मिनिट इकडे तिकडे नको.”

मी विचारलं, “त्या वेळेला तोफ दिसते ना?”

“त्या वेळेला जे दिसायचं ते दिसतं,” मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी आजोबांकडून शिकलेली पाऊणकी आठवली. चतुर्दशी, म्हणजे चौदा. चौदा पाऊणे साडेदहा. आपण किनारपट्टीचे जाणकार झालो असं वाटून मी बायकोला ती तीनदा म्हणून दाखवली. ती कपाटात काहीतरी शोधत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. आता ते आठवतं.

त्या दिवशी साहेबाला मी ठीक साडेदहाला धक्क्यावर उभं केलं. साहेब सज्जन, घामाघूम आणि मूळचा यवतमाळचा. मी हात पुढे करून म्हणालो, “ही आमची ऐतिहासिक तोफ.” समोर समुद्र होता. पायऱ्या बुडालेल्या, बोटी धक्क्याच्या वर डोकं काढून डुलताहेत आणि जिकडे तोफ असायची तिकडे नुसतं चमकणारं, तुडुंब, निवांत पाणी. साहेबाने समुद्र पाहिला, मग मला पाहिलं. माझ्या मागे सगळं गाव जमलं होतं आणि गालांत हसत होतं. एका कोळणीने मोठ्याने, पण मायेने विचारलं, “जावय, पाऊनपट भरतीची असतं, ठावूक न्हाय काय?” तेव्हा मला कळलं. तिथीची पाऊणपट केली की निघते ती भरतीची वेळ. तोफ उघडी पडायला पावणेपाच वाजणार, आणि साहेबाला दुपारी दोनला पुढच्या गावी पोहोचायचं होतं. मामांची तीस वर्षांची पाटी मी एका गुणाकारात बुडवली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण धक्का दगडी होता.

एवढ्यात मामा आले. परीटघडीचं धोतर, कोट, छत्री. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. साहेबाला नमस्कार केला, गाव विचारलं, “यवतमाळ,” असं म्हणून समाधानाने मान हलवली आणि कुणाला काही कळायच्या आत पायऱ्या उतरून पाण्यात शिरले. गुडघे, कंबर, छाती. छत्री उघडून डोक्यावर धरलेली. मी ओरडणार होतो, पण शेजारी उभ्या, बोट हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाने माझा दंड धरला. वीस पावलांवर गेल्यावर मामा एकदम वर आले, जणू समुद्रातल्या एखाद्या ओट्यावर चढले, आणि कंबरभर पाण्यात ताठ उभे राहिले.

“साहेब,” मामा तिथून स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, “तोफेवरून बोलतोय.”

मग त्यांनी इतिहास सांगितला. समुद्र एवढा शांत की शब्द न् शब्द पोहोचत होता. साहेबाने एकदा विचारलं की तोफेची लांबी किती, जरा चालून दाखवता का. तर मामा म्हणाले, तोफेवर फिरायचं नसतं, तिचा मान असतो. गोलंदाज त्या दिवशी वऱ्हाडातला निघाला. साहेब वही सावरत म्हणाला, “आजोबा, वऱ्हाडातला माणूस इतक्या लांब समुद्रावर कशाला येईल?”

मामांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. “पोटासाठी, साहेब. तुम्ही नाही का आलात?”

साहेबाने वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि छत्रीखालच्या, कंबरभर पाण्यातल्या मामांचा फोटो काढला. नंतर घरी जेवताना मामीने लोणचं वाढण्यासाठी बरणीवरचा गोळा उचलून साहेबाच्या हातात दिला. तो त्याने जेवण होईपर्यंत मांडीवर ठेवला होता.

होळीच्या आधी फाट्यावर पाटी लागली. गावाचं नाव, ‘ऐतिहासिक तोफ, २ कि.मी.’, बाण, आणि खाली लहान अक्षरांत, ‘भरतीच्या वेळी दिसत नाही.’ ही शेवटची ओळ कुणी मागितली नव्हती. मी ती माझी कायमची नाचक्की म्हणून वाचली. गावाने माझं नाव ‘भरतीचे जावई’ ठेवलं. वाण्याकडे गेलो की वाणी विचारतो, “जावई, आज किती वाजता?” केस कापायला बसलो की न्हावी म्हणतो, “मान खाली घाला, पाणी चढतंय.” या लाजेमुळे मी धक्क्याकडे फिरकणंच सोडलं. घरात त्याच सुमारास दुसरं एक प्रकरण चालू होतं. मामीची कपडे धुवायची धोंड विहिरीवरून नाहीशी झाली होती. मी म्हटलं, दगड कोण चोरेल? मामा म्हणाले, वादळात उडाली असेल. मामी म्हणाली, वादळ ज्येष्ठात झालं, धोंड कार्तिकात गेली. त्यावर मामा म्हणाले, “वादळाचे परिणाम उशिरा दिसतात.” मी या वादात मामीची बाजू घेऊन अख्खी वाडी पालथी घातली. मामी मला दर थोड्या वेळाने सरबत आणून देत होती.

पाटी पाहून पर्यटक येऊ लागले. दैव असं, की ते नेमके भरतीलाच यायचे. टपरीवाला सांगे, “आत्ता भरती आहे, संध्याकाळी या.” संध्याकाळी जाळी विणणारे सांगत, “भरती हाय, सकाळी या.” लोक वाट बघत वाडीत राहत, सोलकढी पीत, मामांकडून इतिहास ऐकत आणि तृप्त होऊन परत जात. या गावात भरती जरा जास्तच वेळ टिकते, असं मला वाटे. पण पाण्याच्या बाबतीत मत द्यायचा अधिकार मी गमावला होता.

गेल्या चैत्रात मात्र आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या एकाने फाट्यावरची पाटी पाहिली. ती माझ्या सासरच्यांमुळे लागली हे मी छाती फुगवून सांगितलं, तर तो म्हणाला, मग तोफेचा फोटो दाखवा. म्हणून पौर्णिमेला, या वेळी नीट हिशेब करून, पंधरा पाऊणे सव्वाअकरा, त्यावर सहा तास, मी कुणाला न सांगता मोठ्या ओहोटीला धक्क्यावर गेलो. समुद्र लांब गेला होता. वीस पावलं मोजली. तोफ नव्हती. सपाट ओली वाळू, आणि वाळूत एक काळी धोंड. पाटासारखी सपाट, एक कोपरा तुटलेली. मी तिच्यावर पाय ठेवला आणि घसरलो. ओळख पटली.

तांडेल जवळच पागोळीचं जाळं शिवत बसला होता. मी उठायची त्याने वाट पाहिली.

“तोफ वादलातच गेली, जावय,” तो म्हणाला. “रेतीनं गिलली. कवा वर यील, न यील. ही धोंड आमी टाकली, साहेब यायच्या आदल्या दिशी, दुपारच्या ओहोटीला. मामीनंच दावली, ही न्या म्हनाली.”

“हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“तुमी सोरून सगल्यांना.”

“आणि मला का नाही सांगितलं?”

तांडेलाने दोरा दातांनी तोडला. “भरतीला साहेबाला कोन आनील? ज्याला पाऊनपट ठावूक हाय तो तर न्हाय आननार. आन् मुद्दाम आनला आसता तर तोंडावर दिसला आसता. मामा म्हनले, मानूस भोला पायजे.”

मी त्या धोंडीवर बसलो. चिखलाचा वास येत होता. मला राग यायला हवा होता. पण वादळाच्या दुसऱ्या दिवशीचे मामा डोळ्यांपुढे आले: पडलेल्या माडांकडे न पाहता इथवर आलेले, या रिकाम्या वाळूसमोर उभे असलेले, आणि आम्ही फोनवरून सांगतोय की माड पुन्हा लावता येतील. मग कळलं की परगावच्या अडाण्याने भरती-ओहोटीत घोटाळा करून हे गाव वाचवण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या माणसाला निदान आधी जेवायला तरी मिळालं होतं.

घरी आलो. मामा ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. आताशा त्यांना फारसं दिसत नाही. छत्री मांडीवर आडवी असते, कुठे जायचं नसलं तरी. मी शेजारी बसलो. माझ्या पायांना वाळू होती, ती त्यांना दिसली नसेल, पण फरशीवर ऐकू आली असावी.

“धक्क्यावर गेला होता?”

“गेलो होतो.”

झोपाळा दोन-तीनदा कुरकुरला. आत मामीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

“तोफ दिसली?”

उघड्या पडलेल्या किनाऱ्याचा वास अंगणापर्यंत येत होता. ओहोटी एवढी मोठी होती, की कुत्रीसुद्धा पार लांब पाण्याच्या कडेला गेली होती.

“नाही, मामा,” मी म्हणालो. “भरती आहे.”

मामांचा अंगठा सवयीने बोटांच्या पेरांवर फिरू लागला. पंधरा पाऊणे... तो मध्येच थांबला.

“असणारच,” मामा म्हणाले. “पौर्णिमेची भरती मोठी असते. पाणी अंगणात येतं कधीकधी.”

आणि त्यांनी दोन्ही पाय हळूच वर झोपाळ्यावर घेतले. मीही घेतले.